अम्लांची नावे व सूत्रे : मराठी परिभाषेचा इतिहास

पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देणाऱ्या संयुगांना सामान्यतः अम्ले म्हणतात. त्यांची आज रूढ असलेली मराठी नावे तीन थरांतून आली आहेत : कारागिरांची बोली, संस्कृतनिष्ठ परिभाषा व आंतरराष्ट्रीय संज्ञा.

पहिला थर खानदेशात सहज आढळतो. जळगाव हे सोन्याच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध असलेले शहर. सोनारकामात अम्लाला ‘तेजाब’ म्हणतात. हा फार्सी शब्द असून त्याचा अर्थ तीक्ष्ण पाणी असा आहे. गंधकाचे तेजाब, शोऱ्याचे तेजाब, मिठाचे तेजाब ही नावे अम्ल कशापासून काढले ते सांगतात. त्यात काय आहे ते सांगत नाहीत. शोऱ्याच्या तेजाबात चांदी व तांबे विरघळतात, सोने विरघळत नाही. म्हणून धातू शुद्ध करण्यास ते उपयोगी पडते. त्याचा एक भाग व मिठाच्या तेजाबाचे तीन भाग एकत्र केले, की सोनेही विरघळते. या मिश्रणास परिभाषेत अम्लराज असे समर्पक नाव आहे. व्यवहाराला ही नावे पुरेशी होती, परंतु त्यांवरून सूत्र लिहिता येत नाही.

घटकांवरून नाव देण्याची पद्धत १७८७ मध्ये फ्रान्समध्ये गीताँ द मॉर्व्हो, लव्हॉयझर, बेर्तॉले व फूरक्र्वा यांनी मांडली. ऑक्सिजनाचे प्रमाण अधिक असल्यास ‘इक’ व कमी असल्यास ‘अस’ हा प्रत्यय त्यातूनच आला. सल्फ्यूरिक अम्लाचे सूत्र एच२एसओ४ व सल्फ्यूरस अम्लाचे एच२एसओ३ आहे (मूळ रोमन चिन्हे येथे उच्चारानुसार दिली आहेत). पहिल्याची लवणे सल्फेट, तर दुसऱ्याची सल्फाइट होत. प्रत्येक अम्लात ऑक्सिजन असतोच, हे लव्हॉयझर यांचे मत मात्र चुकीचे होते. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे असे हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखविले व हायड्रोक्लोरिक अम्लात (एचसीएल) ऑक्सिजन नसल्याचे स्पष्ट झाले. ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थच अम्लजनक असा आहे. मराठीतील ‘प्राणवायू’ श्वसनावरून आल्यामुळे त्या चुकीपासून दूर राहिला. मूलद्रव्यांना अक्षरचिन्हे देऊन सूत्रे लिहिण्याची पद्धत बर्झीलियस यांनी १८१३ च्या सुमारास सुरू केली.

मराठीत रसायनशास्त्र प्रथम आस्थेने लिहिणाऱ्यांत कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांचे नाव महत्त्वाचे आहे. विसाव्या शतकात नागपूर येथे काम केलेल्या डॉ. रघुवीर यांनी मूलद्रव्यांनाही संस्कृत नावे दिली. हायड्रोजनास उद्जन, ऑक्सिजनास जारक, नायट्रोजनास भूयाति. त्यांची रचना तर्कशुद्ध होती; पण ती स्वीकारल्यास प्रत्येक सूत्र नव्याने लिहावे लागले असते, आणि जगातील रसायनशास्त्राशी असलेला दुवा तुटला असता. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्ये व संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे, तसेच चिन्हे व सूत्रे कायम ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले.

मराठी विश्वकोशाने हाच मध्यममार्ग घेतला. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) यांचा जन्म धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा. संस्कृत पंडित असूनही त्यांच्या संपादनाखाली ‘सल्फ्यूरिक अम्ल’ असे मिश्र नाव रुळले : विशेषण आंतरराष्ट्रीय, विशेष्य मराठी. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

एक अडचण मात्र उरली. विश्वकोशातील ‘अम्ल’ व ‘क्षारक’ या जोडीऐवजी महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांत ‘आम्ल’ व ‘आम्लारी’ हे शब्द आहेत. शाळेत ‘आम्लारी’ शिकून विश्वकोश उघडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘क्षारक’ म्हणजे तेच, हे कोणी सांगत नाही. पुढे विज्ञानाचे महाविद्यालयीन शिक्षण बहुधा इंग्रजीतून होत असल्याने तिसरा शब्द त्याच्या वाट्यास येतो. जळगाव येथे १९९० मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर खानदेशातील मुलांना उच्च शिक्षण घराजवळ मिळाले, तरी ही पायरी चुकली नाही. अशा वेळी त्यांना हात देतात ती सूत्रे व ‘इक’, ‘अस’ हे प्रत्यय. तिन्ही ठिकाणी बदलत नाहीत ती एवढीच. ठिबक सिंचनाच्या नळ्यांत साचलेला चुना काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक अम्ल वापरणारा केळी-बागायतदारही बाटलीवरील नाव याच रूपात वाचतो.