खरारा विसरलेली घरं

‘खरारा करणे’ हा मराठीतला जुना शब्दप्रयोग आहे. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायची दातेरी फणी. शब्द उच्चारला की तिचा आवाजच कानावर येतो. पागेतला मोतद्दार रोज सकाळी खरारा घेऊन घोड्यापुढे उभा राहायचा आणि धूळ, कोंडा, सुटलेले केस सारं अंगावरून उतरवून मगच खोगीर चढवायचा. आज हा शब्द ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि रेसकोर्सच्या तबेल्यांत उरला आहे. जनावरं मात्र आपल्या घरात आली आहेत. पूर्वी गोठ्यात, पडवीत, अंगणात असायची, ती आता दिवाणखान्यात सोफ्यावर आहेत. काळ्या पँटवर पांढरे केस, पांढऱ्या चादरीवर काळे केस, डब्याच्या पोळीतही एखादा केस. मग घरात कुरबुर सुरू होते आणि शेवटी प्रश्न येतो, हे जनावर घरात ठेवायचं की नाही?

हजारो वर्षं जनावरांसोबत राहिलेल्या माणसानं या केसांचं काय केलं, हे पाहिलं तर एक साधी गोष्ट लक्षात येते. त्यानं केस जनावराच्या अंगावरच गाठले. आपण ते सोफ्यावर पडायची वाट बघतो.

केस गळतात का? प्रत्येक केसाचं एक आयुष्य असतं. तो वाढतो, थांबतो आणि गळतो. पुष्कळ प्राण्यांच्या अंगावर दोन थर असतात. बाहेर राठ केस आणि आत मऊ, दाट लव. ही लव म्हणजे त्यांची रजई. ती कधी घालायची आणि कधी उतरवायची, हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरतं. थंड देशांत हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा दिवस यांत मोठं अंतर असतं, म्हणून तिथे वसंतात केसांचा पूर येतो. मुंबईत सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. त्यात घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू. त्यामुळे आपल्या घरातल्या कुत्र्या-मांजरांचे केस वर्षभर थोडे थोडे गळत राहतात. हा आजार नाही, तो निसर्गाचा हिशेब आहे. तो बंद करता येत नाही.

माणसानं या हिशेबातून संपत्तीही उभी केली. रानमेंढ्यांची लोकर दरवर्षी आपोआप सुटते. कात्र्या येण्याआधी माणूस ती हातानं उपटून घ्यायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी नोंदवतो, की मेंढ्या सगळीकडे कातरत नाहीत, काही ठिकाणी अजून लोकर उपटतात. स्कॉटलंडच्या सोए बेटावरच्या जुन्या वाणाच्या मेंढ्या आजही अशीच लोकर टाकतात. पुढे माणसानं कमी गळणाऱ्या मेंढ्या निवडून वाढवल्या आणि लोकर कात्रीची वाट बघू लागली. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्या कातरल्या जातात आणि घोंगडी विणली जाते, ती या लांबलचक गोष्टीच्या शेवटच्या टप्प्यावर. म्हणजे केस न गळणारं जनावर माणसानं घडवलं खरं, पण त्याची किंमत म्हणून कातरणीचं काम कायमचं स्वतःकडे घेतलं.

याच्या उलट गोष्ट लडाखची. तिथल्या चांगथांग पठारावर, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर, चांगपा लोक शेळ्या पाळतात. हिवाळ्यात या शेळ्यांच्या अंगावर अतिशय बारीक लव वाढते. तिची जाडी १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या पाव भागाहूनही कमी. थंडी सरली की ही लव सुटू लागते आणि नेमक्या त्या दिवसांत चांगपा फणी घेऊन शेळीला विंचरतात. दोन आठवडे उशीर केला तर ती वाऱ्यावर आणि झुडपांवर जाते. फारसीत लोकरीला ‘पश्म’ म्हणतात, त्यावरून पश्मिना. १८४६ साली अमृतसरच्या तहात गुलाबसिंगानं इंग्रजांना वार्षिक नजराणा कबूल केला, तो असा : एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. गळणाऱ्या केसांना तहनाम्यात जागा मिळाली!

हाच पश्म शब्द आपल्या शेजारीही नांदतो. मुधोळच्या, म्हणजे कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांत कान-शेपटीवर रेशमी झालर असलेला एक प्रकार असतो, त्याला ‘पश्मी’ म्हणतात. लडाखची शेळी आणि दख्खनचा कुत्रा एका शब्दानं बांधले गेले आहेत. मला तर वाटतं, विंचरण्याचा नियमही दोघांना एकच लागू आहे.

घोड्याच्या बाबतीत हा नियम फार जुन्या काळी लिहून ठेवला गेला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफननं अश्वविद्येवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की सफाई डोक्यापासून आणि आयाळीपासून सुरू करावी, कारण वरचा भाग मळका असेल तर खालचा साफ करून उपयोग नाही. पाठीच्या कण्यावर हत्यार वापरू नये, हातानंच केसांच्या दिशेनं घासावं. ज्याच्या जिवावर रणात उतरायचं, त्या जनावराच्या अंगाला रोज हात लागलाच पाहिजे. हात लागला की जखम, गाठ, गोचीड लगेच सापडते. खरारा ही नुसती सफाई नव्हती, ती रोजची तपासणी होती.

मांजराकडे तर निसर्गानं दिलेला खरारा आहे. त्याच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात. पण या खराऱ्यानं निघालेले केस पोटात जातात आणि मग मांजर केसांचे गोळे ओकतं. तेव्हा आपण जो केस फणीनं काढत नाही, तो सोफ्यावर जातो किंवा मांजराच्या पोटात.

मांजर घरात आलं ते उंदरांमागून. आमच्याकडे मुस्लिम घरांत मांजराचा वावर सर्रास. पैगंबरांच्या एका सोबत्याचं नावच अबू हुरैरा, म्हणजे ‘मांजरीच्या पिलाचा बाप’. मांजर नापाक नाही, ती तुमच्यात फिरणाऱ्यांपैकीच आहे, अशा अर्थाची शिकवण हदीसमध्ये आहे. तरी नमाजाआधी जानमाज झटकायची सवय जुन्या बायकांना असतेच. आपुलकी आणि स्वच्छता यांत त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

ही मांजरं आखूड केसांची होती. १६२० साली इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले यानं इराणातून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या करड्या मांजरांचं कौतुक केलं. हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि गोव्यालाही गेला. युरोपात अशा मांजरांची हौस वाढत गेली. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यानं मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि मांजर हे मिरवण्याचं जनावर झालं. आपल्याकडे १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीनं तेच काम केलं. पांढरा, झुपकेदार स्पिट्झ, ज्याला आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो, तो मध्यमवर्गीय घराघरांत दिसू लागला. पडद्यावर त्याचे केस गळताना मात्र कोणी दाखवले नाहीत.

याच काळात घरंही बदलली. शेणानं सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी केरसुणीनं लोटली की काम भागायचं. बैठकीवर गादी-तक्के आणि त्यांवर धुता येणारे पांढरे अभ्रे. मग आला मढवलेला सोफा, ज्याचं कापड काढून धुता येत नाही. गंमत म्हणजे व्हिक्टोरियन काळातल्या युरोपीय सोफ्यांच्या पोटात भरलेले असायचे घोड्याचेच केस. आत केस चालत होते, वर नकोत!

हे कापड साफ करण्यासाठी यंत्र लागलं. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यानं धूळ फुंकून उडवणारं यंत्र पाहिलं आणि त्याला सुचलं, फुंकण्यापेक्षा ओढून घेतली तर? त्यानं हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढून पाहिली आणि ठसकला. त्याचं पहिलं यंत्र इतकं अवजड होतं, की ते घोडागाडीवरून दारासमोर आणायचं आणि नळ्या खिडकीतून घरात सोडायच्या. १९०२ च्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेचे गालिचे त्यानं साफ केले. अमेरिकेत जेम्स स्पँग्लर हा दुकानातला झाडूवाला दम्यानं बेजार होता. त्यानं पंखा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरायचं यंत्र बनवलं, १९०८ मध्ये पेटंट घेतलं आणि ते हूवर कुटुंबाकडे गेलं. १९५६ मध्ये अमेरिकेतच कपड्यांवरून फिरवायचा चिकट रूळ आला. सगळी यंत्रं उपयोगाची, पण सगळी केस पडल्यानंतरची.

याच शतकात नायलॉन आणि पॉलिस्टर आलं. शाळेतला प्रयोग आठवतो ना? एबोनाइटची कांडी मांजराच्या कातड्यावर घासली की ती कागदाचे कपटे ओढते. कृत्रिम धाग्याचं कापड आणि केस यांच्यात तोच प्रयोग रोज चालतो. हवा कोरडी असली की केस जास्त चिकटतात. म्हणून किंचित ओलसर हात किंवा रबरी हातमोजा सोफ्यावरून एकाच दिशेनं फिरवला, की केसांचा गुंडाळा होऊन हातात येतो. दिवाणावर आणि सोफ्यावर धुता येणारी सुती चादर घालावी. जुन्या अभ्र्याचंच ते नवं रूप.

धुण्याच्या बाबतीत घोंगडी आणि नमदा बनवणारे कारागीर आपले गुरू आहेत. लोकरीच्या प्रत्येक धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं मिळालं, की ते एकमेकांत अडकतात आणि विणकामाशिवाय नमदा तयार होतो. लांब केसांच्या कुत्र्याला न विंचरता आंघोळ घातली, की त्याच्या अंगावर नेमका नमदाच तयार होतो, आणि मग गुंते कापावे लागतात. वॉशिंग मशीनमध्ये केसाळ कपडे टाकले तरी केस असेच धाग्यांत गुंततात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी विंचरणं, मग आंघोळ. आधी कोरडे कपडे झटकणं, मग धुणं.

विंचरायला रोज दहा मिनिटं पुरतात. गॅलरीत जुनी चादर अंथरावी आणि केसांच्या दिशेनं हात चालवावा. आखूड केसांना रबरी ब्रश, लांब केसांना आधी विरळ दातांची फणी, मग दाट. दुहेरी केसांच्या कुत्र्याचा उन्हाळ्यात चकोट करू नये. तेच केस त्याला उन्हापासूनही वाचवतात. मात्र चट्टे पडून केस जात असतील, खाज सुटत असेल, तर फणी ठेवून जनावरांच्या डॉक्टरांकडे जावं. आणि घरात कुणाला दमा असेल तर लक्षात ठेवावं, मांजराची ॲलर्जी मुळात केसाची नसते. ती त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची असते. केस फक्त ते वाहून नेतो. अशा घरात डॉक्टरांचा सल्ला आधी.

एवढं सांगण्याचं कारण असं, की केसांच्या त्रासापायी पुष्कळ जनावरं घराबाहेर जातात. हौसेनं आणलेलं पिल्लू वर्षभरात मोठं होतं, केस टाकू लागतं आणि एके दिवशी दूरच्या रस्त्यावर सोडून दिलं जातं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी विचार करायचा तो आपल्या हाताचा. मोतद्दारानं, चांगपांनी जनावराच्या अंगाला रोज हात लावला, म्हणून त्यांच्या हाती तयार घोडा आला, शाल आली. आपल्याला एवढं मोठं काही नको आहे. स्वच्छ सोफा आणि घरात टिकून राहिलेलं जनावर मिळालं तरी पुष्कळ झालं. बाजारातून नवा रूळ आणण्याआधी एक फणी आणा आणि उद्या सकाळपासून खरारा सुरू करा.