उसन्या बर्फावरच्या मुली

बेंगळुरूत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान 7.8 अंश सेल्सिअस आहे. ही नोंद जानेवारी 1884 मधली. त्यानंतर शहराला तेवढंही गारठता आलेलं नाही. अशा गावात हिवाळी खेळांचा विषय काढला तर ऐकणारा हसेल, आणि पंखा लावायचा की नाही या घरोघरच्या वादाकडे वळेल. पण स्त्रियांच्या शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगचा इतिहास पाहिला, तर हा खेळ थंडीपेक्षा छपरावर अधिक वाढला असं दिसतं. त्याला डोंगर लागत नाही, हिमवृष्टी लागत नाही. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असा गोठवलेल्या पाण्याचा एक आयत लागतो. तोही बहुधा त्याचा स्वतःचा नसतो; आइस हॉकीकडून काही तासांसाठी मागून घेतलेला असतो.

बर्फावरच्या शर्यतींचा मानाचा प्रकार युरोपातला. उघड्यावरची चारशे मीटरची मोठी धाव, एका वेळी दोघेच खेळाडू, प्रत्येकाची मार्गिका वेगळी आणि खरी झुंज घड्याळाशी. उत्तर अमेरिकेत मात्र सगळ्यांनी एकदम सुटायचं आणि जो आधी पोहोचेल तो जिंकला, अशी रीत होती. लंडनमध्ये 1876 साली ग्लेशिएरियम हे यंत्राने गोठवलेलं रिंक सुरू झालं आणि बर्फ ऋतूपासून सुटला. पुढे अमेरिका-कॅनडातल्या शहरांत बंदिस्त रिंकं झाली, तेव्हा ही घोळक्याची शर्यत त्यांत शिरली. जागा लहान असल्याने वळणं तीव्र झाली, आणि वळणांमुळे खेळच बदलला.

1932 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये यजमानांनी पुरुषांच्या शर्यती अमेरिकी पद्धतीने घेतल्या. त्याच वेळी स्त्रियांच्या तीन शर्यती झाल्या, पण केवळ प्रदर्शनीय म्हणून. 500 मीटर कॅनडाच्या जीन विल्सनने जिंकली, 1000 मीटर अमेरिकेच्या एलिझाबेथ दुबॉइसने आणि 1500 मीटर अमेरिकेच्याच किट क्लाइनने. पदकांच्या अधिकृत यादीत या तिघींची नावं नाहीत. पुरुषांचं स्पीड स्केटिंग 1924 पासून ऑलिंपिकमध्ये होतं. स्त्रियांना त्यासाठी 1960 च्या स्क्वॉ व्हॅलीपर्यंत थांबावं लागलं. दोन तारखांमधलं अंतर छत्तीस वर्षांचं.

शॉर्ट ट्रॅकच्या बाबतीत ही प्रतीक्षा झाली नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने हा प्रकार 1967 मध्ये स्वीकारला, 1988 च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय ठरला आणि 1992 साली आल्बेरव्हिलला पदकांचा खेळ झाला. तेव्हा पुरुषांच्या दोन शर्यती होत्या आणि स्त्रियांच्याही दोनच. याचं श्रेय कुणाच्या उदारपणाला द्यावं असं वाटत नाही. खेळ नवा होता. त्यात आधीपासून ठाण मांडून बसलेलं कुणी नव्हतं. जुन्या वाड्यात हिस्सा मागायला पिढ्या जातात, नव्या वसाहतीत पहिल्याच दिवशी घर मिळू शकतं. तसाच काहीसा हा प्रकार. तरी जुनी सवय पुरती गेली नाही: पुरुषांचा रिले 5000 मीटरचा आणि स्त्रियांचा 3000 मीटरचा ठरला, तो आजही तसाच आहे.

खेळाची रचना थोडक्यात सांगायला हवी. एक फेरी 111.12 मीटरची. 500 मीटर म्हणजे साडेचार फेऱ्या, 1000 म्हणजे नऊ. मार्गिका आखलेल्या नसतात. वळणावर काळ्या ठोकळ्यांची ओळ तेवढी असते. वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे जातो, आणि वळताना अंग इतकं आत झुकतं की डावा हात बर्फाला टेकतो. रिलेमध्ये चौघी असतात. हातात देण्याघेण्याची काठी नसते. येणारी खेळाडू पुढे सरकलेल्या सहकारिणीला कमरेशी दोन्ही हातांनी ढकलते आणि आपला वेग तिच्या अंगात घालते. मराठी वाचकाला याची ओळख वेगळी करून द्यायला नको. हा खोच आहे, फक्त पातं लावलेल्या बुटांवर दिलेला. सत्तावीस फेऱ्या हे चालतं. शेवटच्या दोन मात्र एकीलाच पुऱ्या कराव्या लागतात.

लहान जागेचा परिणाम नकाशावरही झाला. मोठ्या धावेवर नॉर्वे आणि नेदरलँड्स यांचं घराणं होतं. इथे ते उशिरा आले. नेदरलँड्सला शॉर्ट ट्रॅकचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण 2018 मध्ये सुझान स्खुल्टिंगने मिळवून दिलं. 1992 मध्ये स्त्रियांच्या 500 मीटरच्या मंचावर अमेरिकेची कॅथी टर्नर, चीनची ली यान आणि उत्तर कोरियाची ह्वांग ओक-सिल उभ्या होत्या. दक्षिण कोरियाच्या चुन ली-क्युंगने 1994 आणि 1998 मिळून चार सुवर्णपदकं घेतली. नागानोच्या 1000 मीटरमध्ये तिने अंतिम रेषेवर पाय पुढे फेकून चीनच्या यांग यांगला मागे टाकलं. त्या काळी चिनी संघात यांग यांग नावाच्या दोघी होत्या, म्हणून निकालपत्रकात नावापुढे अक्षर लावत. हरली ती ‘एस’. ‘ए’ अक्षराच्या यांग यांगने 2002 साली सॉल्ट लेक सिटीत 500 मीटर जिंकली, आणि चीनला हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण एका स्त्रीने मिळवून दिलं. ती चिताइहे या ईशान्येकडच्या कोळसा खाणींच्या गावात घडली. पुढची मोठी खेळाडू वांग मंगही तिथलीच. 1992 ची ली यान नंतर प्रशिक्षक झाली. आधी अमेरिकेच्या संघाची, मग चीनची. विद्या खेळाडूकडून खेळाडूकडे गेली आणि प्रत्येक ठिकाणी तिला एक रिंक सापडलं.

या खेळात निकाल रेषेवर लागत नाही, पंचांच्या खोलीत लागतो, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. 1994 मध्ये कॅथी टर्नरच्या विजयावर नाराज झालेली चीनची जांग यानमेई पदकवितरणाच्या मंचावरून निघून गेली. 2010 च्या व्हँकुव्हर रिलेमध्ये कोरियाच्या मुलींनी सर्वांआधी रेषा ओलांडली. धक्क्याच्या कारणावरून त्या बाद झाल्या आणि सुवर्ण चीनला गेलं. 2018 मध्ये प्याँगचांगला तर वेगळीच गोष्ट घडली. उपांत्य फेरीत कोरियाची एक मुलगी सुरुवातीलाच पडली, तरी त्यांनी ती शर्यत ऑलिंपिक विक्रमासह जिंकली आणि पुढे सुवर्णही घेतलं. त्याच अंतिम फेरीत कॅनडा व चीन बाद झाल्याने कांस्यपदक नेदरलँड्सला मिळालं. त्यांचा संघ त्या शर्यतीत नव्हताच. दुय्यम अंतिम फेरी त्यांनी विश्वविक्रमाने जिंकली होती. अनेक अंगं एका वळणावर येतात तेव्हा एकटीच्या तयारीला मर्यादा पडते.

पण या इतिहासाची एक बाजू रिंकवर दिसत नाही. 2014 आणि 2018 च्या सुवर्ण रिले संघांतल्या शिम सुक-हीला प्याँगचांगच्या तोंडावर तिच्या प्रशिक्षकाने मारहाण केली होती. पुढे तिने सांगितलं, की शाळकरी वयापासून त्याने तिचं लैंगिक शोषणही केलं. जानेवारी 2019 मध्ये हे जाहीर झालं आणि कोरियातल्या क्रीडाव्यवस्थेची चौकशी करावी लागली. न्यायालयाने त्या प्रशिक्षकाला आधी साडेदहा वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती तेरा वर्षं झाली. निवासी सराव, एकाच माणसाच्या हातात निवडीची किल्ली आणि पदकाची घाई, यांतून सुवर्ण निघालं आणि हेही निघालं. 2023 मध्ये आपल्या कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या होत्या, हे आठवलं की कोरिया फार लांब राहत नाही.

आता उष्ण प्रदेशाकडे येऊ. चार सुवर्णपदकांची मानकरी चुन ली-क्युंग पुढे सिंगापूरच्या संघाची प्रशिक्षक झाली. विषुववृत्ताजवळच्या त्या देशाची पहिली हिवाळी ऑलिंपिकपटू म्हणून शायेन गो 2018 मध्ये 1500 मीटरच्या शर्यतीत उतरली. ती प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. पण ती तिथे पोहोचली, यामागे लहानपणी कॅनडात मिळालेला बर्फ आणि सिंगापूरमधलं एका मॉलच्या आतलं रिंक होतं.

आपल्याकडे बर्फाऐवजी चाकं आहेत. बेंगळुरूतल्या बागांबाहेर आणि मैदानांच्या कडेला सकाळी सहा वाजता इनलाइन स्केट घातलेल्या मुली रांगेने वळणं घेतात. पुण्यात, चेन्नईत, हैदराबादेतही हेच दृश्य. 2 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊ आशियाई स्पर्धेत संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हिरल साधू आणि आरती कस्तुरी राज यांनी रोलर स्केटिंगच्या 3000 मीटर रिलेत कांस्यपदक घेतलं. अंतर तेच, ढकलून खो देणंही तेच. पायाखालचं फक्त वेगळं. त्याच दिवशी पुरुषांच्या कांस्यविजेत्या रिले संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही मराठी नावं होती. पुण्याची श्रुती कोतवाल याच चाकांवरून बर्फावर गेली, लांब धावेकडे वळली. सरावासाठी तिला देशाबाहेर जावं लागलं. तेलंगणासारख्या हिम न पाहिलेल्या राज्यातली नयना श्री तल्लुरी लेहच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत शॉर्ट ट्रॅकचं सुवर्ण जिंकते, हे या प्रवासाचंच पुढचं पाऊल.

प्रश्न जागेचा आहे. डेहराडूनचं हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलं गेलं. स्पर्धा संपली, चालवण्याचा खर्च परवडेना, आणि ते बरीच वर्षं बंद पडून राहिलं. 2011 मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी या काळात तिथे सराव करू शकली असती. तिचं स्पर्धेचं वय त्या कुलपामागे गेलं. ऑगस्ट 2025 मध्ये तिथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली, तेव्हा रिंक पुन्हा चालू झालेलं होतं. ऑलिंपिकच्या शॉर्ट ट्रॅकमध्ये आजवर एकही भारतीय स्त्री उतरलेली नाही.

चिताइहेत कोळसा होता, सिंगापुरात मॉल होता. बेंगळुरूत दुधापासून सर्व्हरपर्यंत सगळं थंड ठेवणारी यंत्रं अहोरात्र चालतात. एक आयत गोठवणं या शहराला अवघड नाही. रिंक बांधलंच, तर स्पर्धेच्या पाहुण्यांसाठी चार दिवस उघडून चालणार नाही. ते रोज पहाटे उघडायला हवं. आणि मुलगी सरावाला आत गेल्यावर तिच्याशी कोण कसं वागतं, हे विचारणारं कुणीतरी दाराशी असायला हवं. कोरियाने ही दुसरी गोष्ट फार उशिरा केली. आपल्याला दोन्ही एकदमच कराव्या लागतील.