वात उतरवणारं गणित

कंदिलाच्या काळात सांज झाली की घरातली मोठी माणसं बजावत, 'वात फार चढवू नका.' वात चढली की उजेड घटकाभर वाढे खरा. पण मग काच काजळे, कधी तडकूनही जाई. कंदील गेले, तरी वात धरणारा हात अजून लागतोच. तो आता कुठे आहे, ते पाहू या.

१९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या निक होलोनियाक यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या उजेडाचा एलईडी तयार केला. दिवा इवलासा, पण स्वभावानं हावरा. विजेचा दाब किंचित वाढला तरी तो कितीतरी जास्त प्रवाह ओढतो. तापला की आणखी ओढतो आणि शेवटी जळून जातो. म्हणून त्याच्याबरोबर एक रोधक जोडायची रीत पडली. वीजप्रवाह २० मिलिअँपिअरच्या आसपास रोखणारा तो रोधक म्हणजे वात धरणारा नवा हातच.

पुढे जपानी शास्त्रज्ञ इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी निळा उजेड साधला. २०१४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे एका ठिपक्यात आले आणि त्याच्या पोटात छोटीशी चिपही बसली. ० ते २५५ मधला आकडा पाठवावा, तेवढा तो रंग उजळतो.

चिपमुळे ठिपक्याचा जीव वाचला, पण धोका दुसरीकडे सरकला. पूर्ण पांढरा पेटलेला एक ठिपका सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. पट्टीवर असे ३०० असले की झाले १८ अँपिअर! २ अँपिअरच्या अ‍ॅडाप्टरला ते कसं झेपावं? तो तापतो, तारा तापतात, टोकाकडचा पांढरा रंग तांबूस होतो.

इथे सॉफ्टवेअर मदतीला आलं. डॅनियल गार्सिया आणि मार्क क्रिग्समन यांच्या 'फास्टएलईडी'ला मर्यादा सांगून ठेवली, की ते रंग पाठवण्याआधी सगळ्या ठिपक्यांच्या आकड्यांची बेरीज करतं आणि किती वीज लागेल याचा अंदाज बांधतं. मर्यादा ओलांडली जाणार असेल, तर सगळ्यांचाच उजेड सारख्या प्रमाणात उतरवतं. कुणा एकावर अंधार येत नाही. सगळे थोडं थोडं सोसतात आणि चित्र टिकतं.

अर्थात ही बेरीज आहे, मोजमाप नव्हे. दिव्यांची संख्या चुकीची सांगितली तर हिशेबही चुकणार. म्हणून फ्यूज हवाच.

२ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या नौकेला आग लागून ३४ जण दगावले. त्यांत डॅनियल गार्सिया होते. त्यांनी सुरू केलेलं काम मात्र थांबलं नाही. कुठल्याशा घरात एखादं पोर दिव्यांची पट्टी जोडतं, हौसेनं उजेड पूर्ण चढवतं, आणि न दिसणारा एक हात हळूच वात उतरवतो.