बीअरच्या ग्लासवर अंगठा

मी राहतो वर्धा जिल्ह्यात. इथे कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. (चोरून काय काय मिळतं ते वेगळं सांगायला नको!) अशा जिल्ह्यात राहून बीअरच्या जुन्या जाहिराती बघायचा नाद लागावा, ही गंमतच. पण ही चित्रं खरंच सुंदर आहेत, त्याला काय करणार?

माझी आवडती मालिका आहे अमेरिकेतल्या बीअर उत्पादकांच्या संघटनेची, १९४५ ते १९५६ या काळातली. 'अमेरिकेतलं घरगुती जीवन' असा तिचा विषय. डग्लस क्रॉकवेल, हॅडन संडब्लोम असे नावाजलेले चित्रकार त्यात होते. कोकाकोलाचा तो गुबगुबीत सांताक्लॉज रंगवला तो याच संडब्लोमने. चित्रांत दिसतं काय, तर अंगणात जमलेले शेजारी, पत्त्यांचा डाव, घरी आलेले पाहुणे. बीअर असते, पण सहज, हाताशी ठेवल्यासारखी. दलाल-मुळगावकरांची मुखपृष्ठं बघत मोठं झालेल्या मराठी माणसाला ही प्रसन्न रंगांची भाषा लगेच कळते.

पण मंडळी, एवढं घरगुती वातावरण कशासाठी? अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. बंदीवाल्यांचा मुख्य राग गुत्त्यावर. तिथे नवऱ्याचा पगार उडतो आणि घर मोडतं, हा त्यांचा आरोप. बंदी उठली, पण ती परत येईल ही धास्ती उत्पादकांच्या मनातून गेली नव्हती. म्हणून त्यांनी बीअर गुत्त्यातून उचलली आणि थेट दिवाणखान्यात आणून ठेवली, बायकामाणसांच्या समोर. घर मोडतं म्हणता? हे बघा भरलेलं घर! आरोपाला इतकं गोड उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल.

आपल्याकडेही आरोप तोच होता. १९३० साली दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं करायला गांधीजींनी मुद्दाम बायकांना पुढे बोलावलं. पुढे १९३६ मध्ये ते आमच्या सेवाग्रामला राहायला आले. त्या बायकांनी पाहिलेलं घर या चित्रांत कुठेच नाही. रिकामा डबा नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळ नाही.

तरीही चित्रं आवडतातच. मी एक खेळ करतो. चित्रातल्या ग्लासवर अंगठा ठेवतो. अंगण तसंच, हसणारी माणसं तशीच, उन्हाचा तुकडाही जागेवर. काहीच कमी होत नाही. चित्रकाराने जे जीव ओतून रंगवलं, त्याला बीअरची गरजच नव्हती!