नीरेच्या दोन काठांवरची बंदूक



हत्यारांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे लढायांचा इतिहास सांगण्याची रीत आहे. इंदापूरच्या गढीपासून आरंभ करावा, मालोजीराजांचे नाव घ्यावे आणि तलवारीचे पाणी वर्णीत पुण्यापर्यंत यावे. आम्हांस ते साधणार नाही. आम्ही शाळेत फार काळ बसलो नाही. कायद्याची पुस्तके वाचावयास शिकलो ती गेटसभेच्या गरजेने. म्हणून विषय साधा घेतला आहे : बापाचे पिस्तूल किंवा बंदूक लेकाकडे कशी जाते, आणि मध्ये सरहद्द आली म्हणजे काय होते.

बारामतीहून फलटणला निघालात की नीरा ओलांडावी लागते. आज पुणे जिल्हा संपून सातारा लागला, एवढेच आपण म्हणतो. परंतु ८ मार्च १९४८ पर्यंत पलीकडे नाईक निंबाळकरांचे संस्थान होते आणि अलीकडे इंग्रजी मुलूख. तीच नीरा खाली इंदापूर तालुक्यात आली की सरहद्द नाहीशी. कारण समोरचे माळशिरस इंग्रजांचेच. सोयरिकींनी ही रेघ कधीच मानली नाही. शिवाजीमहाराजांच्या सईबाई फलटणच्याच. लेकी नदी ओलांडून नांदत होत्या, बैल बाजाराला जात होते, आणि घरातली जुनी हत्यारेही आजोळाहून भाच्याकडे जात असणार.

ही वाट कायद्याने अडली ती टप्प्याटप्प्याने. सत्तावन्नच्या उठावानंतर १८५७ व १८६० साली शस्त्रांवर बंधने आली, आणि १८७८ साली लिटनसाहेबांच्या अमदानीत अकरावा कायदा झाला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला होता. त्या दंग्याचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर होता. शेतकऱ्यांना कागद जाळावयाचे होते. कागदाची सत्ता काय असते हे आमच्या भागाने कोणत्याही पंडिताआधी ओळखले होते, असे आम्हांस वाटते.

अठ्ठ्याहत्तरच्या कायद्याची मेख दोन ठिकाणी होती. पहिली रंगाची. हिंदी माणसाला परवाना हवा, गोऱ्याला नको. नियमांनीच त्याला सूट दिलेली. ही सूट पहिल्या महायुद्धानंतरच निघाली. दुसरी मेख सरहद्दीची. ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र आणणे वा तेथून बाहेर नेणे यांस परवाना लागे, आणि संस्थान म्हणजे 'बाहेर'. म्हणजे बारामतीचा माल फलटणला गेला तर निर्यात! मात्र या कलमात एक फट होती. ज्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्याने ते वाजवी प्रमाणात स्वतःच्या वापरासाठी नेले-आणले तर चालत असे. तेव्हा परवानाधारक मामाने आपली बंदूक घेऊन नदी ओलांडणे निराळे, आणि ती भाच्याच्या हाती ठेवून परत येणे निराळे. पहिल्यात शस्त्राला मालक होता. दुसऱ्यात भाच्याचा स्वतःचा परवाना नसेल तर भाचा आरोपी.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध आवाज उठविला. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत मिठाच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने हीही मागणी होती. अहिंसेच्या पुजाऱ्याची ही मागणी अनेकांच्या लक्षात राहत नाही. पुढच्या वर्षीच्या कराची ठरावातही, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. कामगार चळवळीने तो ठराव पोटापुरत्या मजुरीसाठी आणि युनियनच्या हक्कासाठी जपला. शस्त्राचे कलम त्याच कागदावर होते.

स्वराज्यानंतर संस्थाने गेली, नीरा पुन्हा नुसती नदी झाली. १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात गोरा-काळा भेद नाही. पण हक्क म्हणाल तर तोही नाही. बंदूक-पिस्तुलाला परवाना हवाच. आणि परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो, हे आमच्या लोकांना पटवून देणे फार कठीण जाते. खंडेनवमीला पाटावर मांडून पुजलेले रिव्हॉल्वर बापाच्या तेराव्याला आपोआप थोरल्याचे होते, अशीच समजूत. कायदा म्हणतो, बाळगणारा मेला की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करा. वारसाने आपल्या राहत्या जिल्ह्यात स्वतःचा परवाना काढावा आणि मग ते सोडवावे. हयातीत द्यावयाचे तर देणाऱ्याने लेखी खबर देऊन पंचेचाळीस दिवस थांबावे. २०१६ च्या नियमांनी एक सोय केली : धारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, की तो आपल्या हयातीतच वारस सुचवू शकतो. त्या वारसांत मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण आहेत. भाचा नाही! २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे दोनच शस्त्रे ठेवली, वारशाची धरून.

सरहद्द मात्र गेली नाही, ती नीरेवरून उठून दक्षिणेला गेली, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत.

२०१७ साली आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या गेटावर बेळगाव जिल्ह्यातला एक निवृत्त जवान पहारा करी. मराठी घरचा, परवाना त्याचा स्वतःचा, दुनळी बंदूकही त्याचीच. अशा पहारेकऱ्याला कामावर घेतात ते त्याच्या मिशांसाठी नव्हे, बंदुकीसाठी. तो खोलीतच हृदयविकाराने गेला. मुलगा रात्रीच्या गाडीने आला आणि मौत झाल्यावर पहिली गोष्ट म्हणजे बंदूक गोणपाटात गुंडाळून गावी न्यावयास निघाला. आम्ही त्याला एस.टी. स्टँडवर गाठले. म्हटले, "बाळा, ही घेऊन निपाणीपर्यंत गेलास तर आईला दोन दुःखे होतील." तो रागावला. "काका, बापाची वस्तू आहे, चोरीची नाही." खरेच होते त्याचे. तरी ठाण्यात गेलो, जमा केली, पावती घेतली.

परवाना त्याने आपल्या जिल्ह्यात मागावयाचा, बंदूक पडलेली आमच्या जिल्ह्यात. आईची आणि दोन बहिणींची ना हरकत, पोलिसांचा अहवाल, मग दोन कचेऱ्यांचा पत्रव्यवहार. शिवाय कर्नाटकात मिळालेल्या परवान्यावर महाराष्ट्रातल्या गेटाचे क्षेत्र नसेल तर पहारा करता येणार नाही, तो निराळा अर्ज. कारखान्याच्या कचेरीने सांगितले, बंदूक आली की जागा तुझी. तीन महिन्यांनी त्या जागी दुसरा आला, स्वतःची बंदूक घेऊन.

आम्ही पत्रे लिहिली, दोनदा बेळगावास जाऊन आलो. परवाना चौदाव्या महिन्यात झाला, फक्त त्याच्या राज्यापुरता. तोवर पोरगा त्याच कारखान्यात, हंगामी, उसाच्या गव्हाणीवर लागला होता. बंदूक सोडवून घेताना ठाण्यातल्या हवालदाराने विचारले, आता हिचे काय करणार? तो म्हणाला, "खंडेनवमीला पुजीन." आणि नळीवरचा गंज बोटाने पुसून पाहू लागला.