इंधनटाकीची हवानळी : लहान विमानांच्या इतिहासातील एक उपेक्षित अंग

विमानविद्येच्या इतिहासात वैमानिकांची साहसे व एंजिनांची अश्वशक्ती यांना जे स्थान मिळते, ते इंधनटाकीच्या हवानळीस मिळत नाही. तथापि या बारीक नळीवाचून हलके विमान फार काळ उडू शकत नाही. तिच्या विकासाचा धागा येथे थोडक्यात तपासावयाचा आहे.

१९०३ च्या राइट विमानात छोटी टाकी उंचावर बांधलेली होती आणि पेट्रोल स्वतःच्या भाराने एंजिनाकडे उतरत असे. १९२५ साली प्रथम उडालेल्या द हॅविलंड मॉथमध्ये टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी आली. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबात मॉथ विमानांवरच शिक्षण मिळे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल घेऊन आले, त्या पस मॉथच्या टाक्याही पंखांतच होत्या. अहमदाबादेस त्यांकरिता पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले, हे प्रसिद्धच आहे.

रॉकेलच्या डब्यास एकच भोक पाडले तर धार अडखळते. दुसरे पाडताच ती सुरळीत होते, हा घरोघरचा अनुभव आहे. टाकीचे तत्त्व हेच. जितके पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा आत आली पाहिजे. एरवी टाकीत निर्वात निर्माण होऊन भरल्या टाकीनिशी एंजिन बंद पडते.

उलट उष्म्याने पेट्रोल फुगते. दर अंश सेल्सिअसला ते सुमारे एक सहस्रांश वाढते; म्हणजे तपमान २० अंशांनी चढले तर १०० लिटरचे सुमारे १०२ लिटर होतात. १९६५ साली अमलात आलेल्या अमेरिकी नियमावलीच्या २३ व्या भागात टाकीचा किमान २ टक्के भाग प्रसरणासाठी मोकळा ठेवण्याची अट होती, तिचा अर्थ या हिशेबाने उलगडतो. हवानळीचे तोंड बर्फाने वा कचऱ्याने बुजण्याचा संभव कमीत कमी राहील, अशा जागी ते असावे, असेही तेथे सांगितले होते.

या दोन्ही अटींचे मर्म चंद्रपूर–गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात सहज पटते. चंद्रपूरनजीक मोरवा येथे धावपट्टी आहे. उन्हाळ्यात या भागात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि कुंभारीण माशी मातीचे घर करण्यासाठी कोणतेही रिकामे छिद्र पुरेसे मानते. सेस्ना १५२ मध्ये हवानळीचे तोंड डाव्या पंखाखाली आधारदांडीजवळ असते. पेट्रोल बाहेर सांडू नये म्हणून तीत एकदिशा झडप असते. उजव्या टाकीच्या झाकणासही हवेची वाट ठेवलेली आहे. एक मार्ग बुजला तरी दुसरा उरावा, ही त्यामागील दृष्टी उघड आहे.

उड्डाणापूर्वी हे तोंड मोकळे आहे की नाही ते पाहावे, अशी सूचना वैमानिकाच्या तपासणीयादीत असते. वाचकास ती क्षुल्लक वाटेल. परंतु यंत्रांच्या इतिहासकाराने अशा ओळी ताम्रपटाच्या ओळींप्रमाणेच वाचावयास हव्यात; कारण यंत्र कोठे दगा देऊ शकते, याविषयी पिढ्यांनी मिळविलेले ज्ञान त्यांत नोंदलेले असते.