विटेच्या पोटातलं घड्याळ

भट्टीतून निघालेली वीट निवते न निवते तोच हवेतली वाफ ओढून घ्यायला लागते. माठाच्या छिद्रांत मुरणारं पाणी निराळं. ते उन्हात ठेवलं की उडून जातं. हे पाणी भाजलेल्या मातीशी रासायनिक बंधानं जोडलं जातं आणि सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवल्याखेरीज सुटत नाही. ते आत शिरलं की वीट किंचित जड होते, किंचित फुगते.

हे फुगणं लक्षात आलं ते डोकेदुखी म्हणूनच. झिलई दिलेल्या फरशांवर काही काळानं बारीक भेगांचं जाळं उमटे. आतली माती पाण्यानं फुगते, वरची काचेसारखी झिलई फुगत नाही आणि ताणानं तडकते, हे अमेरिकेत एच. जी. शुरेख्ट यांनी १९२८ मध्ये मांडलं. पुढे भिंतींच्या तड्यांमागेही हेच कारण निघालं. भट्टीतून काढलेली गरम वीट लगेच बांधकामाला लावू नये म्हणतात, ते उगीच नाही.

२००३ मध्ये मँचेस्टरच्या मॉयरा विल्सन, एडिनबर्गचे ख्रिस्तोफर हॉल आणि सहकाऱ्यांना या फुगण्यातला नियम सापडला: वाढ काळाच्या वर्गमुळाच्या वर्गमुळानं, म्हणजे पाव घातांकानं होते. पहिल्या वर्षी जेवढी, तेवढीच पुन्हा व्हायला पुढची १५ वर्षं. तिप्पट व्हायला एकूण ८१. वेग मंदावतो, पण थांबत नाही. म्हणजे हे घड्याळच झालं! २००९ मध्ये त्यांनी ते वापरूनही दाखवलं. तुकडा तोलायचा, ५०० अंशांना तापवून पाणी घालवायचं, मग अतिसंवेदनशील तराजूवर तो पुन्हा किती वेगानं जड होतो ते बघायचं. गेलेलं वजन त्या वेगानं भरून यायला लागणारा काळ, तेच त्याचं वय. तुकडा आयुष्यभर साधारण किती उष्ण हवेत होता, याचा अंदाज मात्र हवाच.

रोमन विटांचं वय जमलं. कँटरबरीची मध्ययुगीन वीट मात्र पुन्हा पुन्हा ६६ वर्षं सांगू लागली. शोध घेतल्यावर उलगडलं: दुसऱ्या महायुद्धात त्या शहरावर आगलावे बॉम्ब पडले होते, त्या आगीत वीट पुन्हा भाजली गेली होती. मला तर या चुकलेल्या उत्तरानंच पद्धतीवर विश्वास बसतो.

पुरता नव्हे, अर्थात. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा काही मातींचा घातांक नेमका पाव येईना. मातीतले सेंद्रिय अंश आणि चुनखडीही वजनात घोळ घालतात. एकट्या या घड्याळावर विसंबून खापराचं वय ठरवायला मी अजून धजणार नाही.